कपाटातल्या लेझमी आणि हाकेवरची हलगी

नमस्कार, श्रोतेहो.

तुमच्या गावच्या शाळेत लेझमी आहेत का? बहुतेक असतील. खेळाच्या सामानाच्या कपाटात, अगदी खालच्या खणात, साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या. जानेवारी लागला की त्या बाहेर निघतात. गंज पुसायचा, सरांनी शिट्टी मारायची. चार आवाज, आठ आवाज, पवित्रा. २६ जानेवारी झाली की पुन्हा कपाटात. मी प्राथमिक शिक्षक आहे, आणि वीस वर्षं मीही लेझीम अशीच शिकवली. मुलं चुकत नसत, पण नाचतही नसत.

आमच्या सांगली-कोल्हापूरकडे जत्रेतली लेझीम शिट्टीवर चालत नाही. ती हलगी, म्हणजे डफासारखं चपटं कातडी वाद्य, घुमकं हा छोटा ढोल आणि कैताळ ही झांज यांच्यावर चालते. हलगी हाक देते, घुमकं खालून धरून ठेवतं आणि कैताळ मधली जागा भरतं. हे वाजवणारा माणूस शाळेपासून हाकेच्या अंतरावर राहतो, आणि आम्ही मात्र स्पीकरवर गाणं लावून मुलांचा नाच बसवतो. म्हणून आज माझं एवढंच मागणं आहे, की त्या माणसाला शाळेत आणा. संमेलनात वाजवायला नको, वर्गाला शिकवायला आणा.

दोन वर्षांपूर्वी आम्ही आणलं. पोरं त्यांना तात्या म्हणतात. सहावी-सातवीचा वर्ग, सलग पाच सकाळी, रोज दोन तास. पहिल्याच दिवशी पंचाईत झाली. आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला, हवेत ओल. टिपरू, म्हणजे वाजवायची काडी, मारलं तर हलगी भद्द वाजली. मुलं हसली. तात्या काही बोलले नाहीत. त्यांनी मैदानाच्या कडेला मूठभर उसाचं पाचट पेटवलं आणि हलगी त्या धगीवर धरून फिरवत राहिले, एका जागी क्षणभरही न थांबवता. मधूनच बोटानं टिचकी मारायची, कान लावायचा, पुन्हा धगीवर. मग उभे राहिले आणि टिपरू हाणलं. पुढे बसलेली मुलं दचकून मागे सरकली. ओलीनं सैल पडलेलं कातडं तापून ताणलं गेलं, म्हणून आवाज चढला. ध्वनीची उच्चनीचता हा धडा मी किती वेळा शिकवला असेल! त्या दिवशी तो पाचटाच्या जाळावर पाच मिनिटांत झाला.

पहिले दोन दिवस त्यांनी कुणाच्या हातात लेझीम दिलीच नाही. नुसतं चालायचं आणि टाळी द्यायची. "पायाकडं बघू नगा, माझ्या काडीकडं बघा," असं सारखं सांगायचे. त्यांच्या उजव्या हातात जाड टिपरू, डाव्या हातात लवलवती बारीक काडी. चाल बदलायच्या आधी ती डावी काडी किंचित वेगळी थरथरते. तिसऱ्या दिवशी मुलांना ती ओळखू यायला लागली, आणि शिट्टी न मारता अख्खी रांग एकदम वळली. मी कडेला उभा होतो. एवढ्या वर्षांत मला हे जमलं नव्हतं.

आता एक अवघड गोष्ट. चौथ्या दिवशी एक पालक भेटायला आले. म्हणाले, "गुरुजी, आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हलगी होती. माझ्या बापानं मोठ्या हिकमतीनं ती सोडली. तुम्ही पोराच्या हातात परत तीच देताय?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे हे वाद्य जातीला बांधून टाकलं होतं. वाजवणारा गावासाठी वाजवायचा आणि उंबऱ्याबाहेर उभा राहायचा. अशाच वाजवणाऱ्या समाजातले वाटेगावचे अण्णाभाऊ साठे शाळेत दीडच दिवस गेले असं सांगतात. आणि त्याच अण्णाभाऊंनी १९४४ साली शाहीर अमर शेख आणि शाहीर गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं करून लोककलेच्या जोरावर कामगारांच्या सभा गाजवल्या. लोककला शाळेत आणताना हा इतिहास दाराबाहेर ठेवता येणार नाही. हलगी वर्गातल्या प्रत्येकाच्या हातात गेली पाहिजे, मुलींच्याही. एकाच घरच्या मुलाला "तू वाजव" म्हटलं, तर आपण जुनंच चालू ठेवलं. त्या पालकांना मी हे सांगितलं. त्यांना पटलं की नाही, ठाऊक नाही. मुलगा मात्र पाचव्या दिवशी आला.

आणि मानधन. याबाबत मी जरा कडक बोलतो. नारळ, शाल आणि टाळ्या यांवर कलावंताची बोळवण करू नका. पाच दिवसांची त्याची मजुरी बुडते. संमेलनासाठी भाड्याच्या नऊवारी आणि फेट्यांवर जो खर्च होतो, त्यातला निम्मा वाचवला तरी पुष्कळ काही होतं. त्याला शिक्षकांच्या खोलीत खुर्ची द्या, वेळापत्रकात त्याचं नाव लिहा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्थानिक कलावंतांना आणि कारागिरांना शाळेत शिकवायला बोलवावं असं म्हटलेलं आहे. सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवसही त्यात सांगितले आहेत. त्यातले पाच मिळाले तरी हलगीचं काम सुरू होतं.

तुमच्याकडे हलगी नसेल. कोकणात जाखडी नाच असेल, जव्हारकडे तारपा हे फुंकून वाजवायचं भोपळ्याचं वाद्य असेल, मराठवाड्यात गोंधळ्यांचं संबळ असेल. तारप्याचा फेर तर मुलं वारली चित्रांत दरवर्षी काढतात, पण किती जणांनी तारपा ऐकलाय, एकदा विचारून बघा.

तात्या या वर्षीही येणार आहेत, पाऊस उघडला की. घुमकं वाजवणाऱ्या भावालाही आणतो म्हणालेत. सातवीतल्या दोघी मुलींनी पाचट आत्तापासूनच वऱ्हांड्यात कोरड्या जागी रचून ठेवलंय.

नमस्कार.