थायरॉइडचे डोळे, हळद आणि कांदा

नमस्कार, श्रोतेहो.

ग्रेव्हज हा थायरॉइडचा आजार झालेल्या काही जणांचे डोळे पुढे आल्यासारखे दिसू लागतात. पापण्या वर ओढल्या जातात, डोळ्यांत सारखी वाळू खुपते, आणि बळावलं तर एकाची दोन माणसं दिसतात. यावर हळद, कांदा, द्राक्षं यांतली द्रव्यं चालतील का, असं पुष्कळ जण विचारतात. त्याचं उत्तर आज नीट उलगडून सांगायचं आहे.

आधी डोळ्यामागे काय घडतं ते पाहू. डोळ्याच्या हाडाच्या खोबणीत चरबी आणि डोळा फिरवणारे स्नायू असतात. शरीराने स्वतःविरुद्धच तयार केलेल्या अँटीबॉडी तिथल्या फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशींना चेतवतात. मग या पेशी हायल्युरोनन नावाचं पाणी धरून ठेवणारं द्रव्य भरमसाट बनवतात, आणि त्यांतल्या काही चक्क चरबीच्या पेशी होतात. हाड तर मागे सरकत नाही. म्हणून डोळा पुढे ढकलला जातो.

आता कांद्यातल्या क्वेरसेटिनकडे येऊ. दक्षिण कोरियातल्या योन्सेई विद्यापीठाच्या संशोधकांनी 2011 साली त्यावरचं काम प्रसिद्ध केलं. शस्त्रक्रियेत रुग्णांच्या खोबणीतून काढलेल्या ऊतींमधून या पेशी घेतल्या आणि प्रयोगशाळेत वाढवल्या. दाह भडकवणारं प्रथिन घातलं की त्या हायल्युरोनन ओतू लागतात. चरबी बनवायला लावणाऱ्या द्रावणात ठेवल्या की काही दिवसांत त्यांच्यात तेलाचे थेंब साठतात. ऑइल रेड ओ या रंगाने ते सूक्ष्मदर्शकाखाली लालभडक दिसतात. क्वेरसेटिन घातलं तेव्हा दाह उतरला, हायल्युरोनन घटलं आणि ते लाल थेंब विरळ झाले. पुढे द्राक्षांतलं रेसव्हेराट्रोल आणि हळदीतलं करक्युमिन यांचेही असे गुण अशाच पेशींवर दिसले. आशा वाटावी असंच हे काम आहे.

अडचण येते ती मात्रेची. अशा पेशींना भोवतालच्या द्रावणातून औषध थेट आणि भरपूर मिळतं. पोटात गेलेल्या क्वेरसेटिनचं आतडं आणि यकृत लगेच रूप पालटतात, त्यामुळे मूळ रूपातलं रक्तात नाममात्र उरतं. हळदीचंही तेच. हळदपुडीत करक्युमिन असतं साधारण 3 टक्के, म्हणजे 3 ग्रॅम हळदीत 90 मिलिग्रॅमच्या आसपास, आणि त्यातलंही फार थोडं रक्तात पोचतं. 1998 साली बंगळूरच्या संशोधकांनी 2 ग्रॅम करक्युमिनसोबत मिऱ्यातलं पायपरिन 20 मिलिग्रॅम दिलं, तेव्हा शोषण सुमारे वीस पट वाढलं.

म्हणूनच बाजारात पायपरिन घातलेल्या हळदीच्या गोळ्या मिळतात, आणि इथेच सावध राहायला हवं. पायपरिन इतर औषधं पचवणारी यंत्रणाही अडवतं. शिवाय अशा गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. या आजारात डोळ्यांना मध्यम ते तीव्र सूज असेल तर बहुधा मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड शिरेतून देतात: आठवड्याला 500 मिलिग्रॅम, सहा आठवडे, मग 250 मिलिग्रॅम, आणखी सहा आठवडे. त्याचाही ताण यकृतावर येऊ शकतो. थायरॉइड उतरवणाऱ्या काही गोळ्यांचाही येतो. तेव्हा उपचार चालू असताना हळदीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. भाजी-आमटीतली चिमूटभर हळद मात्र खुशाल खा.

सेलेनियम वनस्पतीचं द्रव्य नव्हे, खनिज आहे. पण ते माणसांवर पडताळलं गेलं आहे. 2011 साली युरोपात डोळ्यांचा सौम्य त्रास असलेल्या 159 रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात ज्यांना 100 मायक्रोग्रॅम सोडियम सेलेनाइट दिवसातून दोनदा, सहा महिने दिलं, त्यांच्या डोळ्यांत सुधारणा दिसली. मात्र तिथल्या अन्नात सेलेनियम कमी असू शकतं, हे ध्यानात ठेवा. जास्त झालं तर केस गळतात, नखं ठिसूळ होतात. म्हणून डॉक्टरांनी सांगितलं तरच.

अश्वगंधा थायरॉइडची पातळी वाढवू शकते. ग्रेव्हज असेल तर टाळा. समुद्री शेवाळाच्या गोळ्यांत आयोडीन फार असतं, त्याही नकोत. केस गळतात म्हणून बायोटिन घेत असाल तर थायरॉइडच्या रक्ततपासणीच्या निदान दोन दिवस आधी थांबवा, नाहीतर काही यंत्रांवर थायरॉइड वाढल्याचा खोटाच अहवाल येतो. आणि विडी-सिगारेट आजच बंद करा. तिच्याने डोळे बिघडतात आणि औषधालाही दाद देत नाहीत.

दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब घाला, झोपताना डॉक्टरांनी दिलेलं मलम लावा आणि डोक्याकडची बाजू उंच ठेवा, म्हणजे सकाळची सूज कमी होते.

शेवटी, रोज एक तपासणी करा. लाल रंगाची एखादी वस्तू समोर धरा, कुंकवाचा करंडा किंवा टोमॅटोही चालेल. एक डोळा झाकून पाहा, मग दुसरा झाकून पाहा. एका डोळ्याला लाल रंग फिका, विटकरी दिसू लागला किंवा नजर अंधुक झाली, तर डोळ्यामागची नस दाबली जात असू शकते. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.