फेक खरी हवी

मित्रहो, आज मी ज्या खेळांबद्दल बोलणार आहे त्यांच्याकडे खेळांचा अभ्यास करणारी मंडळी फारशी वळून बघत नाहीत. मोबाइलवर जत्रेतल्या खेळांचे संच मिळतात. एकाच ॲपमध्ये बाटलीच्या मानेत रिंग टाकायची, चेंडूने डब्यांचा मनोरा पाडायचा, बंदुकीने फुगे फोडायचे, बिळातून डोकं वर काढणाऱ्या प्राण्यावर हातोडा हाणायचा. एक डाव मिनिटभरात संपतो. खेळ कसा रचावा हे ज्याला शिकायचं आहे त्याने इथूनच सुरुवात करावी, असं मला मनापासून वाटतं. मोठ्या खेळात कथा, पात्रं, सुंदर देखावे यांच्या आड रचनेतले दोष दडतात. इथे एक फेक आणि तिचा निकाल एवढंच असतं, त्यामुळे लबाडी आणि कसब दोन्ही लगेच उघडे पडतात.

या खेळांना जुनी परंपरा आहे. उतारावरून चेंडू घरंगळत नेऊन गोल कड्यांत टाकायचा स्की-बॉल घ्या. जोसेफ सिम्पसन या अमेरिकन माणसाला त्याचं पेटंट १९०८ साली मिळालं. सुरुवातीची पट्टी ३० फुटांहून लांब होती, म्हणजे दंडात जोर असणाऱ्यांचाच तो खेळ. पुढे ती निम्म्याहून आखूड केली आणि लहान मुलंही खेळू लागली. ही दुरुस्ती मला फार मोलाची वाटते. खेळाचा गाभा जोरात नसून नेमात आहे, हे त्या एका बदलाने ठरवून टाकलं. मोबाइलवर तर जोराचा प्रश्नच उरत नाही.

पण जोराबरोबर वजनही जातं. हातातली रिंग किती जड आहे हे मनगटाला कळतं आणि मनगट आपोआप हिशेब करतं. काचेवरून बोट सरकवताना तो हिशेब कशाच्या आधारावर करायचा? फोनला दिसतात फक्त बोटाच्या जागा, सेकंदाला अनेक वेळा टिपलेल्या. त्यांवरून दिशा आणि वेग काढायचा. चांगला रचनाकार बोटाचा सगळा प्रवास मोजत बसत नाही. बोट काचेवरून उचलण्याआधीच्या शेवटच्या काही क्षणांतला वेग तो धरतो, कारण आपला हातही वस्तू सोडताना तोच क्षण जाणतो. एवढं नीट जमलं की वजन नसूनही फेक हाताला पटते.

इथे एक तांत्रिक गोष्ट जरा थांबून सांगतो. काही फोनचा पडदा सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, काहींचा १२०. चेंडूच्या गतीचं गणित जर प्रत्येक चित्रागणिक केलं आणि दोन चित्रांमधला वेळ हिशेबात धरला नाही, तर एका फोनवरचा चेंडू दुसऱ्यापेक्षा दुप्पट वेगाने धावेल. वेळ धरला तरी टप्पे लहानमोठे पडल्याने उसळी किंचित बदलते, आणि मनोऱ्यातला शेवटचा डबा पडायचा की डगमगून उभा राहायचा हे त्या किंचितवरच ठरतं. म्हणून गणिताचा टप्पा ठरावीक काळाचा ठेवतात, पडदा कितीही वेगाने बदलो. खेळणाऱ्याला हे कधी दिसत नाही. पण सरावाने आपली फेक सुधारतेय असा विश्वास त्याला वाटतो, तो यामुळेच.

आता लबाडीकडे येतो. जत्रेतल्या स्टॉलवर ती जुनीच आहे. तळाची एखादी बाटली जास्त जड असते, बास्केटबॉलचं कडं गोल नसून थोडं लांबट असतं, रिंग बाटलीच्या मानेपेक्षा जेमतेम मोठी असते. तरी त्या वस्तू समोर असतात; चाणाक्ष माणूस निरखून ओळखू शकतो. बाहुल्या उचलणाऱ्या पंजाच्या यंत्रात मात्र पंजा किती घट्ट आवळायचा आणि किती खेपांनंतर, हे मालकाला आत ठरवता येतं. मोबाइलमध्ये सगळंच या पंजासारखं करता येतं. चेंडू कड्यावरून निसटला तो माझ्या बोटामुळे, की आतल्या आज्ञेने, हे मला कळायला मार्गच नाही.

आणि तसं करण्याचा मोह मोठा आहे. ॲपलने ऑक्टोबर २००९ मध्ये फुकट ॲपच्या आतही खरेदीला परवानगी दिली. तेव्हापासून खेळ फुकट द्यायचा आणि 'आणखी तीन चेंडू' विकायचे, हा मार्ग मोकळा झाला. थोडक्यात हुकलेला चेंडू माणसाला पुन्हा खेळायला लावतो, मग तो मुद्दाम हुकवावा असं कुणालाही सुचेल. नशिबाच्या पेट्या, म्हणजे आत काय निघेल हे उघडेपर्यंत न कळणारे खेळातले डबे (लूट बॉक्स), विकण्यावर काही देशांनी लगाम घातला. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे मोजून घ्यायच्या अशा पेट्या जुगारात धरल्या. पण मुद्दाम हुकवलेल्या चेंडूला पेटीचं लेबल नसतं. तिथे रचनाकाराची सचोटीच काय ती कामी येते.

मदत करायला माझा विरोध नाही. लहान मुलाच्या किंवा हात थरथरणाऱ्या आजोबांच्या फेकीला नेमाकडे थोडं ओढून घेतलं तर आनंदच आहे. ती मदत उघड असावी, चालू-बंद करता यावी, आणि पैशांच्या दुकानाशी तिचा काडीचाही संबंध नसावा.

निंटेंडो कंपनीच्या वी या टीव्हीला जोडून, हातातला रिमोट हलवून खेळायच्या यंत्रावर २००७ साली 'कार्निव्हल गेम्स' हा असाच संच आला. समीक्षकांनी नाकं मुरडली, तरी त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. घरातली माणसं एकत्र उभी राहून, हात हलवून खेळत होती. मोबाइलच्या संचांनी हे उचलायला हवं. एकच फोन हातोहात फिरवायचा, प्रत्येकाला तीन फेकी, इंटरनेट बंद असलं तरी चालावं. असा डाव रचायला खर्च फार येत नाही. तुमच्यापैकी जे खेळ बनवतात त्यांनी आपला पहिला संच असा करून बघावा, आणि तो वेगवेगळ्या वेगाच्या पडद्यांच्या किमान दोन फोनवर तपासल्याशिवाय कुणाच्या हाती देऊ नये.