वासाचा गुलाब, आपापल्या मातीत

श्रोतेहो, नमस्कार. दसरा झाला, पाऊस ओसरला. गुलाबाच्या छाटणीचे हे दिवस, म्हणून आज वासाच्या गुलाबाबद्दल बोलायचं आहे. झुडपासारखा वाढतो, फूल जरा विस्कटलेलं असतं, पाकळ्या दोन दिवसांत गळतात, पण सकाळी सगळं अंगण दरवळतं, असा हा गुलाब. पॉलिहाऊसमधले लांब दांड्याचे गुलाब फुलदाणीत टिकावेत म्हणून निवडत नेले आणि त्या निवडीत वास मागे पडला. घरच्या बागेत तरी तो परत यावा, असं मला मनापासून वाटतं.

गावठी गुलाब या नावाखाली बऱ्याच जाती खपतात. त्यातला एक एडवर्ड. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर, चिनी आणि दमास्क गुलाबांच्या कुंपणात झालेल्या संकराचा हा वंश. एकाकडून पुन्हापुन्हा फुलणं घेतलं, दुसऱ्याकडून वास. लाल, झुबक्यांनी येणारा ग्रुस आन टेप्लिट्स हा १८९७ सालचा युरोपातला गुलाब. आपल्याकडच्या उन्हात तोही छान रुळला. राजस्थानातल्या पुष्कर-हल्दीघाटीचा चैती गुलाब मात्र आणताना विचार करा. त्याला थंडी लागते आणि बहर वर्षातून एकदाच, चैत्राच्या सुमारास. किनारपट्टीच्या उबदार हिवाळ्यात तो नुसता पाला वाढवतो.

आता जमीन. कोकणात जांभ्याच्या मातीत निचरा असतो, पण पावसात पानांवर काळे ठिपके पडून झाड उघडं होतं. तिथे गुलाब उंचवट्यावर लावा, दोन झाडांत तीन फूट तरी सोडा, वारं खेळू द्या. गळलेली पानं झाडाखाली कुजू देऊ नका, पुढच्या वर्षीचा रोग त्यातूनच उठतो. पागोळ्यांखाली तर लावूच नका.

देशावर आणि मराठवाड्यात अडचण उलटी. काळी माती पावसात पाणी धरते, उन्हाळ्यात भेगाळते. दीड-दोन फुटांचा खड्डा घेऊन तांबडी माती, पोयटा आणि कुजलेलं शेणखत भरा. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर झाडाला लोह मिळत नाही असं समजा. आणखी शेणखत ओतून ते लगेच भरून येत नाही. चिलेटेड लोहाची, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची, फवारणी करावी लागते.

विदर्भातल्या उन्हाळ्यात दुपारनंतरची सावली आणि बुंध्याशी पाल्याचं आच्छादन, एवढ्यावर झाड तगतं. एप्रिल-मेमध्ये कात्री लावू नका. शहरातल्या गॅलरीत पूर्वेचं पाच-सहा तास ऊन असेल, तर बारा इंची कुंडीत एडवर्ड सुखाने राहतो.

छाटणी करताना वाळक्या, काळवंडलेल्या फांद्या आधी काढा, मग उरलेल्या फांद्या बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या, म्हणजे नवी फूट येते त्या जागेच्या, वर तिरप्या कापा. साधारण दीड महिन्यात फुलं येतात. निघालेल्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या फेकू नका! वीतभर लांबीच्या करून सावलीत, ओलसर वाळूमिश्रित मातीत खोचा. डोळे भरलेल्या कलमाचा, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर चढवलेल्या झाडाचा, जोड मेला, की खालचा खुंट फोफावतो आणि तुमचा गुलाब हरवतो. स्वतःच्या मुळांवर उभं राहिलेलं झाड मात्र बुंध्यातून फुटलं तरी तोच गुलाब देतं.

फुलं सकाळी ऊन चढायच्या आत तोडा, कारण वासाचं तेल उन्हाबरोबर उडून जातं. ते असतंही इतकं थोडं, की किलोभर गुलाब तेलाला तीन-चार टन फुलं लागतात. गुलकंद करणार असाल तर विकतची फुलं घेऊ नका, त्यांच्यावर कसली फवारणी झाली ते कळत नाही. घरच्या, न फवारलेल्या पाकळ्या कोरड्या पुसून खडीसाखरेशी थरावर थर द्या आणि बरणी उन्हात ठेवा.