ब्रश कोणाच्या हातात?

दुसऱ्या देशातून आलेल्यांना कलेमुळे नव्या जागी आपलंसं वाटू शकतं का? शिकागोमधलं हल हाऊस बघा, वस्तीतल्या लोकांसाठीचं केंद्र. १८८९ मध्ये जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार या दोघी मैत्रिणींनी सुरू केलेलं. आजूबाजूची वस्ती जवळपास सगळी बाहेरच्या देशांतून आलेल्यांची, इटालियन, ग्रीक, रशियन ज्यू, कारखान्यात राबणारी माणसं. पोरं तिथे पटकन रुळायची, इंग्लिश बोलायला लागायची, आणि मग आईबापांचे कपडे, बोलणं, सगळ्याचीच लाज वाटायला लागायची.

अ‍ॅडम्सबाईंनी १९१० च्या आत्मचरित्रात एका इटालियन मुलीबद्दल लिहिलंय. शनिवारी संध्याकाळी मायलेकी दोघी यायच्या, मुलगी कुकिंग क्लासला आणि आई सूत कातायला, पण मुलगी आईला पुढच्या दाराशी सोडून स्वतः बाजूच्या दाराने आत शिरायची. डोक्याला रुमाल, पायात ओबडधोबड बूट, ही आपली आई आहे हे क्लासमधल्या पोरींना कळायला नको म्हणून.

आई कातायची ती जागा म्हणजे तिथलं लेबर म्युझियम, १९०० मध्ये सुरू झालेलं. वस्तीतल्याच बायका तिथे साध्या टकळीवर सूत कसं निघतं ते करून दाखवायच्या. एका संध्याकाळी शिक्षणक्षेत्रातली पाहुणेमंडळी आली, आईभोवती हा घोळका, सगळे कौतुक करतायत, आणि मुलीने त्यांच्या बोलण्यावरून ठरवूनच टाकलं की टकळीवर कातण्यात आपली आई अख्ख्या अमेरिकेत एक नंबर आहे! मग अ‍ॅडम्सबाईंना विचारून खात्रीही करून घेतली. त्यानंतर पलंगाखालच्या पेटीत लपवलेले घरी विणलेले सुंदर कपडे आईला बाहेर काढू दिले, आणि सगळ्यांसमोर आईच्याच दाराने यायला लागली.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की त्या बाईला तिथे कोणी "आमच्यासारखी हो" म्हटलं नाही, तिला जे येत होतं ते बघायला लोक तिच्याकडे आले.

आता बऱ्याच ठिकाणी काय होतं, एक दिवसाचा फेस्टिव्हल, नव्याने आलेल्यांचा एक नाच, टाळ्या, फोटो, आणि दुसऱ्या दिवशी परत कोणी कोणाला ओळखत नाही. किंवा भिंतीवर म्युरल होतं, डिझाइन आधीच ठरलेलं असतं आणि या लोकांना फक्त रंग भरायला बोलावतात. रंग भरण्यात मजा येते हो, नाही कोण म्हणतंय, पण काय काढायचं ते त्यांना कोणी विचारलेलंच नसतं.

कोपनहेगनच्या नॉरब्रो भागात सुपरकिलेन नावाचं पार्क आहे, २०१२ मध्ये झालेलं. तिथे रहिवाशांनाच विचारलं की तुमच्या देशातली कुठली वस्तू इथे हवी, म्हणून मोरोक्कोचं कारंजं आहे, जपानची ऑक्टोपसची घसरगुंडी आहे, आणि दोन तरुणी तर पॅलेस्टाईनला जाऊन तिथली माती घेऊन आल्या.

कलेने कागदपत्रं मिळत नाहीत, घर मिळत नाही, नोकरी मिळत नाही, आणि द्वेषही असा लगेच जात नाही. २०२१ मध्ये छोटी अमल ही साडेतीन मीटर उंच बाहुली, सीरियातून आलेल्या निर्वासित मुलीच्या रूपातली, तुर्कस्तानातून निघून इंग्लंडपर्यंत फिरली. गावोगावी लोक स्वागताला आले, आणि ग्रीसमधल्या लारिसात काहींनी तिच्यावर दगडही फेकले.

तरी बर्लिनचं उदाहरण बघाच. २०१५ च्या शेवटी तिथे मुलताका नावाचा प्रकल्प सुरू झाला, सीरिया आणि इराकमधून आलेल्यांना ट्रेनिंग देऊन म्युझियम गाईड केलं आणि ते अरबीत टूर घ्यायला लागले. तिथल्या इस्लामी कलेच्या म्युझियममध्ये सीरियातल्या अलेप्पो शहराची एक खोली आहे, साधारण १६०० मधली, एका व्यापाऱ्याच्या घरातली रंगवलेली लाकडी पॅनेल्स. आणि जर्मन इतिहासाच्या म्युझियममध्ये हेच गाईड महायुद्धात जमीनदोस्त झालेली शहरं परत कशी उभी राहिली यावर बोलायचे, समोर स्वतःचं शहर उद्ध्वस्त झालेलं बघून आलेली माणसं, मग प्रश्न यायचे आणि गप्पा रंगायच्या. पुढे हा प्रकल्प ऑक्सफर्डच्या म्युझियम्सपर्यंतही पोचला.