तारेचा गोल कंदील

नमस्कार, श्रोतेहो. चवथ झाली आणि गणपतीवर टांगलेली फळापानांची माटोळी उतरली की गोव्यातल्या वाड्यावाड्यांवर मुलगे दिवाळीत जाळायच्या नरकासुराच्या सांगाड्यासाठी बांबू आणि तारा गोळा करू लागतात, आणि घराघरांत आकाशकंदिलाचा विषय निघतो. आज मी अशाच एका कंदिलाविषयी बोलणार आहे. त्याचा सांगाडा केवळ तारेचा, हाताने बांधलेला आणि चेंडूसारखा गोल असतो. त्याच्या रचनेला जिओडेसिक गोल, म्हणजे त्रिकोण जोडून केलेला गोल, म्हणतात. जर्मनीतील येना येथे वाल्टर बाउअर्सफेल्ड यांनी १९२० च्या दशकात तारांगणासाठी असा घुमट उभारला होता, आणि पुढे अमेरिकेत बकमिन्स्टर फुलर यांना १९५४ मध्ये या रचनेचे पेटंट मिळाले. १९६७ च्या माँट्रिऑल प्रदर्शनातील त्यांच्या घुमटाचा व्यास सुमारे ७६ मीटर होता. आपला कंदील मात्र ४० सेंटिमीटर व्यासाचा आहे.

सपाट कागदावर सारख्या बाजूंचे सहा त्रिकोण एका बिंदूभोवती मांडले तर ते जमिनीला चिकटून बसतात. त्यांतला एक काढून उरलेले पाच एकमेकांना जोडले की मधला बिंदू आपोआप वर उचलला जातो. गोलाचा सारा गोलावा या पाचाच्या सांध्यांतून येतो, आणि आपल्या कंदिलात असे सांधे बरोबर बारा असतात. फुटबॉलच्या चेंडूवरचे काळे पंचकोन मोजून पाहा, तेही बाराच भरतील. मोकळ्या विणीची टोपली विणणारे कारागीरही तळाशी सहा बाजूंचे डोळे ठेवतात आणि वीण वर वळवायची असेल तिथे पाच बाजूंचा डोळा घेतात.

आता प्रत्यक्ष काम. चौदा गेजची, म्हणजे सुमारे दोन मिलिमीटर जाडीची, जस्ताचा मुलामा असलेली तार घ्यावी. अर्धा किलो तार पुरून उरते. दुकानातून आणलेली तार वेटोळ्यात असल्यामुळे तिला वाक असतो, आणि वाकलेल्या तारेवर घेतलेले माप खोटे ठरते. म्हणून तिचे एक टोक माडाच्या बुंध्याला पक्के बांधावे, दुसरे ड्रिलच्या जबड्यात धरावे आणि तार ताणून धरत हळूहळू पीळ द्यावा, म्हणजे ती काठीसारखी सरळ होते.

या तारेच्या सहा कड्या करायच्या. प्रत्येक कडीला दहा बाजू, प्रत्येक बाजू १२.३६ सेंटिमीटरची, आणि टोके एकमेकांवर चढवून बांधण्यासाठी चार सेंटिमीटर जास्त. कोणत्याही दोन कड्या एकमेकींना दोनदा छेदतात, म्हणून एकूण छेद तीस होतात, आणि छेद नेहमी कोपऱ्यावरच यायला हवा. मी कडीच्या कोपऱ्यांवर आळीपाळीने लाल आणि पांढरा ठिपका देतो. लाल ठिपक्यावर ती कडी दुसरीच्या वरून जाते, पांढऱ्यावर खालून. पहिल्या तीन कड्या सहज बसतात. सहावी कडी मात्र उघडीच ठेवून, सुई ओवावी तशी इतर पाचांतून वर-खाली काढत न्यावी लागते, आणि त्या वेळी शेजारी दुसरे कोणी धरायला असेल तर बरे पडते. सगळे छेद बांधकामाच्या बारीक काळ्या तारेने बांधावेत, पण सुरुवातीला सैलच. पहिलाच छेद घट्ट आवळला तर तिथली एका मिलिमीटरची चूक पुढच्या प्रत्येक छेदाला सोसावी लागते.

कड्या विणून झाल्या की वीस त्रिकोण आणि बारा पंचकोन दिसू लागतात. प्रत्येक पंचकोनात चाकाच्या आऱ्यांसारखे पाच तुकडे बसवायचे. हे तुकडे १०.९३ सेंटिमीटरचे असतात, आणि या मापाबद्दल मला आग्रहाने सांगायचे आहे. पहिल्या कंदिलाच्या वेळी मी आरेही १२.३६ सेंटिमीटरचेच कापले, कारण एकाच मापाचे तुकडे कापणे सोपे वाटले. सांगाडा पूर्ण जुळला, पण तो गोल झाला नाही. बारा टोके बाहेर आलेली आणि वीस सपाट बाजूंची एक अणकुचीदार वस्तू हाती आली. योग्य मापाच्या आऱ्यांनी पंचकोनाचा मध्य तीन सेंटिमीटर वर येतो, माझ्या आऱ्यांनी तो साडेसहा सेंटिमीटर वर आला होता. आऱ्यांच्या लांबीतला चौदा मिलिमीटरांचा हा फरक डोळ्याला लहान दिसतो, पण गोल की टोकदार हे तोच ठरवतो. तेव्हापासून मी एका फळीवर १०.९३ सेंटिमीटर अंतरावर दोन खिळे ठोकून ठेवले आहेत. दोन्ही टोकांचे अडकवायचे आकडे त्या खिळ्यांवरच वळवले की साठही आरे एका मापाचे निघतात.

तारेच्या टोकांकडे आपल्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. जस्ताचा मुलामा असला तरी कापलेल्या तोंडाशी लोखंड उघडे पडते, आणि खाऱ्या, दमट हवेत तिथूनच गंज शिरतो. म्हणून प्रत्येक टोक कानशीने घासून त्यावर रंगाचा ठिपका द्यावा.

कागदाचे त्रिकोण दोनच मापांचे लागतात: तिन्ही बाजू १२.३६ सेंटिमीटरच्या असलेले वीस, आणि दोन बाजू १०.९३ व एक १२.३६ असलेले साठ. चिकटवण्यासाठी तिन्ही कडांना अर्धा सेंटिमीटर कागद जास्त ठेवावा आणि खळ पातळ करून लावावी.

छेद सैल असताना सांगाडा हातात डुलतो. एकेक पंचकोन भरत जातो तशी ती डुल कमी होते, पण अकरा पंचकोन भरून झाले तरी थोडी हालचाल बोटांना जाणवत राहते. बाराव्या पंचकोनाचा शेवटचा आरा बसला की ती थांबते, आणि मगच सगळे छेद पकडीने आवळायचे. हा बारावा पंचकोन खालच्या बाजूला ठेवावा आणि त्याचे आरे कायमचे न बांधता नुसते आकड्यांनी अडकवावेत. दिवाळीच्या संध्याकाळी ते काढून हात आत घालता येतो, दिवा लावता येतो, आणि आरे पुन्हा अडकवले की कंदील ताठ होतो.