अशील कुठे आहे?

नमस्कार. विषयाच्या नावापासूनच सुरुवात करतो, कारण माझ्या मते निम्मी अडचण तिथेच आहे. 'असंसर्गजन्य आजार'. हा आजार काय नाही तेवढंच या नावातून कळतं, काय आहे ते कळत नाही. हृदयविकार, कर्करोग, मधुमेह, श्वसनाचे जुनाट विकार यांची एक मोट बांधली आणि वर ही चिठ्ठी डकवली. २०२१ साली या आजारांनी सुमारे ४ कोटी ३० लाख माणसं गेली. त्यांतली १ कोटी ८० लाख सत्तरीच्या आतली. तरी या नावाचा फलक घेऊन निघालेला मोर्चा मला तरी आठवत नाही.

रुग्णांच्या बाजूने आवाज उठवून सरकारांना हलवायचं, अशा कामाला आपल्याकडे 'जनवकिली' म्हणतात. वकिली म्हटली की अशील आला. एड्सच्या लढ्यात अशील स्वतःच पुढे उभा होता. अमेरिकेत रुग्ण रस्त्यावर उतरले, दक्षिण आफ्रिकेत रुग्णांच्या चळवळीने औषधांसाठी स्वतःच्या सरकारला कोर्टात खेचलं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००१ साली एड्सवर विशेष अधिवेशन भरवलं, ते या दबावाशिवाय झालं नसतं. रक्तदाब वाढलेला माणूस मात्र स्वतःला रुग्णच मानत नाही, मग तो घोषणा कशाला देईल? आणि ज्याला आजार कळला आहे, तो बहुधा ओशाळलेला असतो. 'जीवनशैलीचे आजार' हा शब्द मला म्हणूनच खटकतो. डॉक्टर, पत्रकार सगळेच तो सहज वापरतात. पण त्या एका शब्दाने सिगारेट विकणारा, पेयात साखर ओतणारा आणि हवा नासवणारा सुटतो आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो रुग्ण.

तरीही वकिली झाली, आणि ती बड्या देशांनी सुरू केलेली नाही. बांगलादेशाने पुढाकार घेतला म्हणून डिसेंबर २००६ मध्ये आमसभेने मधुमेहावर ठराव केला. सप्टेंबर २००७ मध्ये कॅरिबियन देशांचे प्रमुख त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनला केवळ या आजारांसाठी जमले. बेटं लहान, लोकसंख्या थोडी, आणि घरटी कुणाला तरी साखर किंवा रक्तदाब. बार्बाडोसचे डॉक्टर सर जॉर्ज अलेन आणि त्यांच्यासारख्यांनी हा विषय न्यूयॉर्कपर्यंत, म्हणजे संयुक्त राष्ट्रांपर्यंत रेटला. तिकडे मधुमेह, हृदयरोग आणि कर्करोग यांच्या जागतिक महासंघांनी, एरवी आपापल्या आजाराची तळी उचलणाऱ्या, २००९ मध्ये एकत्र येऊन 'एनसीडी अलायन्स' (एनसीडी म्हणजे हेच असंसर्गजन्य आजार) काढली. दोन वर्षांनी, १९ आणि २० सप्टेंबर २०११ रोजी, या आजारांवर आमसभेची उच्चस्तरीय बैठक झाली आणि तिने जाहीरनामा काढला.

त्या जाहीरनाम्यात मृत्यू किती कमी करायचे याचा आकडाच नव्हता. तो पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्षिक सभेत ठरला: अकाली मृत्यू २०२५ पर्यंत २५ टक्क्यांनी खाली. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांत ही घट २५ टक्क्यांवरून एक तृतीयांशावर गेली आणि मुदत गेली २०३० वर.

आता समोरच्या बाजूचे वकील पाहू. तेही कसलेले आणि भरपूर फी घेणारे. उरुग्वेची लोकसंख्या पस्तीस लाखांच्या आसपास. तिथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ताबारे वास्केस स्वतः कर्करोगतज्ज्ञ होते. त्यांच्या सरकारने नियम केला की सिगारेटच्या पाकिटाचा ८० टक्के भाग इशाऱ्याने व्यापलेला असेल, आणि एका ब्रँडचा एकच प्रकार विकता येईल; 'लाइट', 'गोल्ड' असले भुलवणारे प्रकार बंद. फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने २०१० मध्ये स्वित्झर्लंड आणि उरुग्वे यांच्यातल्या गुंतवणूक कराराचा आधार घेऊन आंतरराष्ट्रीय लवादात दावा ठोकला. गंमत बघा, आरोग्याच्या नियमाविरुद्धचा खटला व्यापाराच्या दारातून आला. लढायला पैसा लागतो. अमेरिकी अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग यांच्या संस्थेने तो दिला. जुलै २०१६ मध्ये उरुग्वे जिंकला आणि खर्चापोटी ७० लाख डॉलर देण्याचा आदेश कंपनीला झाला. पण सहा वर्षं गेली होती. अशा दाव्याचा खरा उपयोग शेजाऱ्याला धाक बसवण्यासाठी असतो, जिंकणं-हरणं त्यानंतर.

उरुग्वेच्या बाजूला आणखी एक बळकट आधार होता: तंबाखू नियंत्रणाचा जागतिक करार. २००३ साली संमत झालेला, २००५ पासून लागू, आणि सहभागी देशांवर बंधनकारक. त्याचं कलम ५.३ सांगतं की धोरण ठरवताना तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून ते जपा. दारू किंवा साखरेच्या पेयांबाबत असा करार नाही. तिथे उद्योग 'भागीदार' म्हणून त्याच टेबलाशी बसतो आणि चहापानाच्या सुट्टीत मसुदा बदलतो. (चहापानाचं मी गमतीने म्हणालो. मसुदा बदलतो ते गमतीचं नाही.)

आमसभेच्या २०१८ च्या बैठकीच्या जाहीरनाम्यात मानसिक आरोग्य आणि हवेचं प्रदूषण आलं, हे मोठंच पाऊल. पण साखरेच्या पेयांवरचा कर त्यात नव्हता, आणि मेक्सिको तर २०१४ पासून तो वसूल करत होता! सप्टेंबर २०२५ च्या बैठकीसाठी केलेल्या पहिल्या मसुद्यात हा कर होता; अंतिम मजकुरात तो गळाला. तंबाखू आणि दारूवरचा कर राहिला, पण देशांनी त्याचा 'विचार करावा' इतक्याच जोराने. एवढं पातळ करूनही अमेरिकेने नकार दिलाच आणि जाहीरनामा एकमताने संमत होऊ शकला नाही.

त्याच मजकुरात एक ठोस आकडा मात्र टिकला: २०३० पर्यंत आणखी १५ कोटी लोकांचा रक्तदाब आटोक्यात आणायचा. तो टिकला याचं मला नवल वाटत नाही. रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्यांची पेटंटं केव्हाच संपली आहेत, त्या स्वस्त आहेत, आणि चार लोकांना जास्त गोळ्या मिळाल्या म्हणून कुणाचा धंदा बुडत नाही. पेयांवरच्या कराचं तसं नव्हतं. तेव्हा पुढचा जाहीरनामा हाती आला की आधी पहिला मसुदा शोधा, दोन्ही शेजारी ठेवा, आणि क्रियापदं वाचा.