वृषणात गाठ? आधी सोनोग्राफी, सुई नको!

नमस्कार मंडळी. हायड्रोसीलच्या, म्हणजे वृषणाभोवती पाणी साठण्याच्या, व्हिडिओखाली निम्म्या कमेंट एकाच प्रश्नाच्या आहेत: "डॉक्टर, गोटीत टणक लागतंय, पण दुखत नाही. दाखवू का?" दाखवा. आजच दाखवा.

मूळ माहिती भराभर सांगतो. वृषणाचा कॅन्सर एकंदरीत कमी आढळतो, पण जो आढळतो तो बहुतेक 15 ते 40 वयातल्या पोरांत. लहानपणी गोटी खाली उतरली नसेल तर धोका जास्त. सोनोग्राफी करायची, रक्तात एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच या कॅन्सरच्या खुणा बघायच्या, मग पोट-छातीचा सीटी स्कॅन. झालं.

आता ज्यासाठी कॅमेरा लावलाय ते. सुई! इतर ठिकाणची गाठ असली की सुईनं तुकडा काढून तपासतात, म्हणून लोक इथंही तेच मागतात. इथं वृषणाच्या पिशवीतून सुई घालायची नाही. पोटात बाळ वाढतं तेव्हा वृषण मूत्रपिंडाजवळ तयार होतं आणि मग खाली उतरतं. त्याच्या लिम्फच्या नळ्या, ज्यांतून कॅन्सर पसरू शकतो, त्या मात्र वर पोटातच जातात. पिशवीच्या कातडीच्या नळ्या जातात जांघेत. कातडीतून सुई गेली की कॅन्सरला ही दुसरी वाट मोकळी होऊ शकते.

ऑपरेशनही म्हणूनच जांघेतून होतं. हर्नियाला घेतात तसा छेद, वरची नाळ बांधायची आणि वृषण अख्खं बाहेर. तेच लॅबला जातं, सेमिनोमा नावाचा प्रकार की दुसरा, ते तिथं कळतं. कुणी पिशवीवरच छेद घेऊ म्हणालं, तर "जांघेतून का नाही?" एवढं विचाराच.

आमच्या सांगलीकडचा एक पैलवान पोरगा आला होता. लंगोट आवळून सूज आली असं समजून चार महिने अंगावर काढलेले. मध्ये एका ठिकाणी सोनोग्राफी न करताच सुईनं पाणी काढलेलं. मी अंधार करून टॉर्च धरली; पाण्यातून उजेड आरपार जातो, घट्ट गाठीतून जात नाही. वरच्या भागात लालसर उजेड आरपार दिसला, खाली मात्र लिंबाएवढा काळा ठोकळा. पाणी होतंच, पण गाठीभोवती जमलेलं! त्या सुईचा मला अजून राग येतो. पाणी काढायचं असलं तरी आधी सोनोग्राफी, मिरजेत ती पावलापावलावर होते.

एका दादांनी विचारलंय, "युवराज सिंगला झालेला तोच का?" त्याच कुळातला, पण त्याची गाठ छातीत होती. 2012 मध्ये केमो घेतली आणि त्याच वर्षी तो परत भारताकडून खेळला. सिसप्लॅटिन हे केमोचं औषध 1970 च्या दशकात आलं आणि या आजाराचं चित्रच पालटलं. लवकर सापडला तर शंभरातले पंच्याण्णवहून जास्त बरे होतात. पोटात पसरलेलाही पुष्कळदा बरा होतो.

आणि ताई, तुम्ही मुलाच्या लग्नाचं विचारलंत. दुसरं वृषण चांगलं असेल तर संसाराला सहसा अडचण येत नाही. फक्त केमोच्या आधी वीर्य साठवून ठेवायचं. त्या पैलवानाला हे सांगताना त्याची आई दाराबाहेर होती. तोच उठला, म्हणाला, "आईला आत बोलवा, तिलापण कळू दे."